अर्थाचा रकाना

मामा आमोण्याहून माशेलला स्कूटरवरून येतात तेव्हा मधल्या पुलावर थांबतात. स्कूटर कठड्याजवळ लावून पाच मिनिटं मांडवीकडे बघतात आणि मग पुढे निघतात. पुलावर वारा असतो, ह्या वयात उभं राहू नये, असं मामी दर वेळी सांगतात. पण अडतीस वर्षं ते ह्या नदीवर होते. बार्जवर खलाशी म्हणून चढले आणि तांडेल म्हणून उतरले. खाणीवरचं खनिज धक्क्यावर भरून घ्यायचं आणि मांडवीच्या मुखातून मुरगाव बंदरात न्यायचं. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे ती वाट बंद झाली की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं. कुठल्या वळणावर गाळ साचतो, कुठे ओहोटीला पाणी तळाला जातं, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

माशेलचा चिखलकालो, आषाढातला चिखलात खेळायचा उत्सव, आठवड्यावर आला होता तेव्हा ते एक वही घेऊन आले. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, दोनशे पानी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "गो बाय, तू इंग्लिश शिकवतेस. मला सांग, शब्द सगळे कळतात आणि वाक्य कळत नाही, असं कसं होतं?"

(आमचं बोलणं अर्थात कोकणीत झालं. गोव्यातल्या कितीतरी घरांसारखं आमच्याही घरात बोलायचं कोकणीत आणि लिहायचं मराठीत. इथे मी ते मराठीतच मांडते आहे.)

वाक्य नातवाचं होतं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि बार्ज जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मामांचा मुलगाही तेव्हा बार्जवरच होता. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. मामा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. ब्रिटन तेव्हा पोर्तुगालसारखंच युरोपीय संघात होतं, म्हणून त्या कागदांच्या आधारावर मुलगा २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. तिथे गोंयकारांची वस्ती मोठी आहे, काम मिळालं, संसार झाला. नातू तिथेच जन्मला. तो आता नऊ वर्षांचा आहे. त्याला कोकणी कळते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो.

मामांना इंग्रजी येत नाही असं नाही. बंदरातलं इंग्रजी येतं. स्लो, स्टॉप, ॲस्टर्न, लेट गो. परदेशी जहाजांवरच्या माणसांशी ते आयुष्यभर ह्याच शब्दांवर बोलले. पण परीक्षा कशी गेली असं विचारल्यावर नातू म्हणाला, "पीस ऑफ केक, आजो." मामांना वाटलं, शाळेत केक वाटला असणार. त्यांनी विचारलं, कसला केक? नातू हसला, सुनेला हाक मारली, ती दुसऱ्या कामात होती, आणि फोन तिथेच संपला. आठवडाभर ते वाक्य त्यांच्या मनात राहिलं. मुलगा परका वाटला असता तर सोसलं असतं, म्हणाले. पण नातवाचं एक वाक्य हातातून निसटलं, ह्याचं त्यांना फार लागलं होतं.

मी म्हटलं, "मामा, पीस ऑफ केक म्हणजे हातचा मळ."

ते क्षणभर थांबले आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला शिकवायला लागल्यापासूनच्या सगळ्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याचा तसा पाहिल्याचं आठवत नाही. पुढच्या फोनवर त्यांनी नातवाला सांगितलं, आमच्याकडे आम्ही अशा कामाला हातचा मळ म्हणतो. नातवाला ते इतकं नवलाचं वाटलं की त्यानं दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले आणि विचारलं, मळ कुठे आहे?

मग मी वही उघडून बघितली. मामांनी पट्टीने रेघा मारून तीन रकाने केले होते. पहिल्यात वाक्य, देवनागरीत. दुसऱ्यात कोण कुणाला म्हणालं. तिसऱ्यात केव्हा, म्हणजे काय घडत असताना. 'पीस ऑफ केक. नातू मला. परीक्षेचं विचारल्यावर, खुशीत.' अर्थाचा रकानाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "अर्थ मला ठाऊक असता तर वही कशाला केली असती? मला जे दिसलं ते लिहिलं."

ती वही हातात घेऊन मी बराच वेळ बसले. कारण मी स्वतः शिकले तेव्हा माझ्या वहीतही तीन रकाने होते, आणि ते वेगळे होते.

मी चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते. पाचवीत हायस्कूलला गेले आणि एका जूनमध्ये सगळं इंग्रजी झालं. इतिहास, भूगोल, विज्ञान, प्रार्थनेनंतरच्या सूचनासुद्धा. माझ्या पिढीच्या गोव्यातल्या असंख्य मुलांनी हा उंबरठा असाच ओलांडला आहे. त्यात रडलेली मुलं मला आठवतात आणि पुढे फार चांगली निघालेलीही आठवतात. इंग्रजी वाक्प्रचार आम्हाला यादीनं शिकवले जात. फळ्यावर तीन रकाने: वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग. आम्ही उतरवून घेत असू आणि पाठ करत असू. मला ती यादी आवडायची. 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' समोर 'एका दगडात दोन पक्षी' लिहिताना वाटायचं, ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

दहावीच्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील गेले. तेही बार्जवर होते. मला तिला पत्र लिहायचं होतं. मराठीत लिहायला बसले तर शब्द थिटे पडत होते, आणि इंग्रजीत लिहिलं तर पत्राला वजन येईल असं त्या वयात वाटलं. यादी उघडली. 'एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग.' अर्थ: दुःखातही सुखाचा अंश असतो. मी ते वाक्य पत्राच्या शेवटी सुंदर अक्षरात लिहिलं.

बाराव्यानंतर ती शाळेत आली. पत्राबद्दल काही बोलली नाही. वर्ष संपता संपता, मैदानावरच्या आंब्याखाली बसलो होतो तेव्हा तिनं विचारलं, "तू लिहिलं होतंस ना, चंदेरी काहीतरी असतं म्हणून. ते काय असतं?" ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की मला काही ठाऊक आहे, बाबा गेल्यानंतरही कुठेतरी काहीतरी चांगलं आहे आणि मला ते दिसतं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला अर्थाचा रकाना म्हणून दाखवू शकत नव्हते.

ह्या वाक्प्रचाराचं मूळ मिल्टनच्या १६३४ सालच्या एका नाट्यकाव्यात आहे. त्यातली तरुणी रात्री रानात वाट चुकलेली असते. काळा ढग तिला आपली रुपेरी बाजू उलटून दाखवतो आणि तिला धीर येतो. लायनिंग म्हणजे कपड्याचं अस्तर. काळ्या झग्याला आतून चंदेरी अस्तर असावं तसा ढग. म्हणजे मुळात ते हरवलेल्या माणसाचं स्वतःशी बोलणं आहे. ज्याच्या डोक्यावर तो ढग आहे, त्यालाच ते अस्तर दिसलं तर दिसतं. आणि आमच्याकडच्या आषाढातल्या ढगाला तर कडाच नसते. डिचोलीपासून समुद्रापर्यंत एकच एक छप्पर, कधीकधी सलग दहा-बारा दिवस. यादीतला अर्थ चुकीचा नव्हता. कोण, कुणाला आणि केव्हा, हे तिथे नव्हतं. मामांच्या वहीत नेमकं तेवढंच होतं.

मग मी आमच्या मराठीकडे वळून बघितलं, आणि एक गोष्ट मला इतक्या उशिरा दिसली ह्याचं आश्चर्य वाटलं. आम्ही गोव्यातली मुलं मराठी वाक्प्रचारही यादीनंच शिकलो होतो.

'धाबे दणाणणे' घ्या. धाबं म्हणजे घाटावरच्या घराचं मातीचं सपाट छप्पर. आमच्याकडे तीन-चार महिने कोसळणाऱ्या पावसात असं छप्पर एक हंगाम टिकणार नाही. आमची घरं उतरत्या कौलांची. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' मधला आड मी कधी बघितला नव्हता, मला तो कितीतरी वर्षं आडवा पडलेला काहीतरी वाटायचा. 'हातावर तुरी देणे' मधल्या तुरीचं शेत आमच्या बाजूला नाही. 'उंटावरून शेळ्या हाकणे' मधला उंट तर चित्रातलाच. ह्या सगळ्या वस्तू सह्याद्रीच्या पलीकडच्या. तरीही ते वाक्प्रचार मला परके वाटले नाहीत, कारण ते माणसांच्या तोंडून आले. देवळातल्या कीर्तनात बुवा हातवारे करत म्हणायचे, जत्रेच्या नाटकात खलनायकाचे धाबे दणाणायचे आणि मांडवात बसलेले आम्ही टाळ्या पिटायचो. धाबं म्हणजे काय हे कुणीच विचारलं नाही. घाबरलेला माणूस समोर रंगमंचावर थरथरत होता.

उलट 'काखेत कळसा, गावाला वळसा' मला कुणी समजावून द्यावाच लागला नाही. माझी आजी कळसा कमरेवर घेऊन विहिरीवरून येताना रोज दिसायची.

म्हणजे घाटावरची मराठी आम्ही आपलीशी केली ती प्रेमानं आणि ऐकून ऐकून. न पाहिलेल्या वस्तूंचे वाक्प्रचार शिकण्याची आम्हा गोंयकारांना तीनशे-चारशे वर्षांची सवय आहे. मग इंग्रजीच काय ते अवघड का जावं?

नातू एकदा म्हणाला, रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. मामांनी लिहून आणलं: 'नातू बापाला. खिडकीतून बघत. शाळेला रेनकोट शोधताना.' ह्या वाक्प्रचाराबद्दल एक कथा फार पसरली आहे, की जुन्या इंग्लंडमध्ये कुत्री-मांजरं गवती छपरांवर झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. ती कथा खरी नाही. जोनाथन स्विफ्टनं १७३८ मध्ये हा प्रयोग आजच्या रूपात छापला, एवढं पक्कं आहे. मामांना छपरावरची मांजरं फार आवडली होती, ती खोटी निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, आपण मुसळधार म्हणतो तेव्हा आभाळातून मुसळं पडताना कधी डोळ्यांसमोर आणतो का? ते म्हणाले, "आता आणलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर खरोखर मुसळं पडत होती.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

मुलगा फोनवर इंग्रजी-कोकणी मिसळून बोलतो. कामाचं कसं काय असं मामांनी विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर: "बाय अँड लार्ज बरें आसा." मामांनी हे वाक्य वहीत तीनदा लिहिलं होतं, तीन वेगवेगळ्या तारखांना, आणि तिसऱ्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द: 'रात्रीचा.' त्यांनी विचारलं, हे बाय म्हणजे विकत घेणं का? बाजारातलं काही आहे?

तो शब्द बाजारातला नाही, दर्यातला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळातली ही खलाशांची बोली. वारा समोरून तिरका येत असताना, शीड आवळून, त्या वाऱ्याला अगदी चिकटून जहाज हाकणं म्हणजे 'बाय'. वारा मागच्या बाजूनं मोकळा मिळालेला असताना जाणं म्हणजे 'लार्ज'. जे जहाज बाय आणि लार्ज, दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते सगळ्या हवेत भरवशाचं. तिथून 'एकंदरीत पाहता' हा आजचा अर्थ आला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगायला सुरुवात केली, जे मी कधी ऐकलं नव्हतं. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिडाच्या पडावावर होते. नदीतून मीठ आणि कौलं न्यायचे. मामा लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर जात. वारा पाठीवर असला की आजोबा गाणं म्हणत. समोरून आला की एक शब्द बोलत नसत, दोन्ही हातांनी दोर धरून बसत. "तेव्हा पोरांनी काही विचारायचं नाही, हे आम्हाला ठाऊक होतं," मामा म्हणाले. "दोराचे वळ हातावर उठायचे. घरी आल्यावर आई खोबरेल लावायची."

त्या रात्री त्यांनी स्विंडनला फोन लावला. मुलगा म्हणाला, बाय अँड लार्ज बरें आसा. आणि मामांनी विचारलं, "वारा समोरून आहे काय?"

मुलाला आधी कळलंच नाही. तो हे वाक्य गेली दहा वर्षं वापरतो आहे, पण त्यात जहाज आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घराण्यातला तिसऱ्या पिढीचा दर्यावर्दी, आणि ज्या वाक्यात त्याच्या आज्याचं शीड उभं होतं ते वाक्य त्यानं चलनी नाण्यासारखं वापरलं होतं, छाप न बघता. मामांनी त्याला सगळं समजावलं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, तीन महिने झाले, रात्रपाळीच आहे. झोप होत नाही. तुम्हाला सांगून काय करू म्हणून नाही सांगितलं.

मी ह्या गोष्टीचा रोज विचार करते. वाक्प्रचार झिजून गुळगुळीत होतात तेव्हा माणसं त्यांच्या आड लपू शकतात. 'एकंदरीत बरं आहे' म्हणून पुढे काही सांगावं लागत नाही. पण शब्दाच्या आतला वारा, दोर, हातावरचे वळ पुन्हा दिसले की आड राहायला जागा उरत नाही. बापानं लेकाला जे विचारलं ते साध्या कोकणीत विचारलं असतं तर मिळालं असतं का उत्तर? मला वाटत नाही.

त्यानंतर मामांनी माझ्याकडून बंदरातलं सगळं इंग्रजी पुन्हा मागून घेतलं. 'टेकन अबॅक', चकित होणं, हे मी समजावण्याऐवजी त्यांनीच मला समजावलं. खांद्यावरचा टुवाल काढून दोन्ही हातांत ताणून धरला, पंख्यासमोर उभे राहिले. वारा मागून आला की टुवाल पुढे फुगला. मग ते गर्रकन फिरले आणि टुवाल त्यांच्या छातीला चिकटला. "वारा एकदम फिरला की शीड असं डोलकाठीवर आपटतं. होडी थबकते. तिला कळतच नाही काय झालं." त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी होडीचं ते थबकणं होतं. मी वीस वर्षं हा वाक्प्रचार शिकवला आहे आणि तो त्या दिवशी शिकले. 'लर्न द रोप्स', म्हणजे कामाची माहिती करून घेणं, ह्याला त्यांनी दोन सेकंदही घेतले नाहीत. नवीन खलाशाला पहिली शिकवतात ती दोरांचीच ओळख. 'थ्री शीट्स टु द विंड' मध्ये शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचा दोर. ते दोर सुटले की शीड वाऱ्यावर फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं, तसा दारू प्यालेला माणूस. हे ऐकून मामींनी आतून विचारलं की तुम्हाला नेमकं हेच बरं आवडलं.

मामींचा वाक्प्रचार मात्र वेगळा. त्या आमच्या बोलण्यात फारशा पडत नाहीत. पण 'रेड हेरिंग' मी सांगत होते तेव्हा त्या सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. हेरिंग हा मासा खारवून आणि धुरी देऊन ठेवला की तांबूस पडतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट ह्या इंग्रज पत्रकारानं १८०७ मध्ये आपल्या साप्ताहिकात एक आठवण लिहिली, की लहानपणी सशाच्या मागावरच्या शिकारी कुत्र्यांना भलतीकडे नेण्यासाठी त्यानं असा मासा वापरला होता. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावून देशातल्या खऱ्या प्रश्नांचा माग सोडणाऱ्या वर्तमानपत्रांवर त्याचा राग होता. तेव्हापासून मूळ प्रश्नावरून लक्ष उडवणाऱ्या गोष्टीला रेड हेरिंग म्हणतात.

मामींनी मान वर केली. "तारल्याचं हेच. ताटात बांगडा असला तरी मांजर उन्हात घातलेल्या तारल्याकडेच जातं." मग मी त्यांना सांगितलं की आमचा तारलो हेरिंगच्याच कुळातला मासा आहे. त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, मासळी आयुष्यभर सुकवलेल्या बाईला ह्या वाक्प्रचाराचा अर्थ नाकानंच कळलेला होता.

'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे जे आहे ते सरळ बोलणं, ह्याची गोष्ट छोटी आहे, पण मला ती फार प्रिय आहे. मूळ ग्रीक म्हण होती, अंजिराला अंजीर आणि द्रोणीला द्रोणी म्हणावं. सोळाव्या शतकात इरॅस्मस ह्या डच पंडितानं ती लॅटिनमध्ये आणताना द्रोणीच्या जागी खोरं घातलं, आणि निकोलस युडॉलनं १५४२ मध्ये ते खोरं इंग्रजीत आणलं. म्हणजे इंग्रजांचा सडेतोडपणा एका भाषांतराच्या घसरणीवर उभा आहे. चार भाषांच्या काठावर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्यातून धीर मिळतो. 'देव बरें करूं' ह्या कोकणी शब्दांचं मराठीत 'आभारी आहे' करताना माझ्याही हातून दर वेळी काहीतरी सांडतं.

मामांनी एकदा विचारलं, "आम्ही त्यांची भाषा एवढी शिकतो. त्यांच्यातला कुणी आमची शिकला काय?"

शिकला होता. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच गेला. धर्मप्रसारासाठी आला होता हे खरं, आणि त्या काळात गोव्याच्या देवळांचं आणि माणसांचं काय झालं हे आमचं प्रत्येक घर जाणतं. ते विसरून मी हे लिहीत नाही. पण भाषा तो शिकला ती आमच्या माणसांजवळ बसून. सुमारे अकरा हजार ओव्यांचं त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोलला छापलं गेलं. त्यात मराठीची थोरवी सांगताना त्यानं फुलांमधली मोगरी आणली, परिमळांमधली कस्तुरी आणली. त्याच्या गावच्या रानात मोगरी नव्हती. ती त्यानं इथल्या बायकांच्या केसांत बघितली असणार.

आणि त्याचं गाव कुठलं? विल्टशायरमधलं बुश्टन. नकाशा उघडून मी मामांना दाखवलं. बुश्टन स्विंडनच्या अगदी जवळ आहे. मामांनी बोट आधी एका नावावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एक माणूस त्या बाजूनं निघाला आणि इथे येऊन मोगरी शिकला. आज इथला एक मुलगा त्या बाजूला आहे, आणि त्याच्या मुलाच्या तोंडी कुत्र्या-मांजरांचा पाऊस आहे. मामा म्हणाले, "नातवाला सांगतो, तुझ्या शेजारचा माणूस आमच्याकडे येऊन गेला."

शाळेत मी आता मुलांना अर्थाचा रकाना शेवटी भरायला सांगते. आधी कोण, कुणाला, केव्हा. परीक्षेच्या दृष्टीनं वेळ जास्त लागतो आणि काही पालकांनी तशी तक्रारही केली. मी त्यांना मामांची वही दाखवते.

गेल्या आठवड्यात मामा आले तेव्हा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पुलावर थांबले नव्हते, असं म्हणाले, पण रेनकोटच्या आतला शर्टही ओला होता. वहीत नवीन ओळ होती: 'सिल्व्हर लायनिंग. नातू. क्रिकेट पावसानं बुडाल्यावर. आता घरी सिनेमा बघायला मिळेल म्हणून.' दुसऱ्या रकान्यात, कुणाला ह्या जागी, त्यांनी लिहिलं होतं: 'स्वतःला.'

मी त्यांना त्या पत्राची गोष्ट सांगितली. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. मैत्रिणीच्या वडिलांचं नाव घेतलं तशी मामांनी मान वर केली. दोघं एका बार्जवर होते.

"त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो," म्हणाले.

"काय बोललात?"

"काय बोलणार? माणसं फार आली होती. विहिरीवरून पाणी काढून देत होतो."

मग त्यांनी पेन काढलं आणि त्या ओळीखाली लहान अक्षरात लिहिलं: 'आपलं आपणच म्हणायचं.' शाई ओल्या बोटांनी थोडी फुटली. वही पिशवीत गुंडाळताना त्यांनी विचारलं, "ती मुलगी आता कुठे असते?"

"डिचोलीला."

"मग जाऊन ये, गो."